गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: जुन्या कामाच्या गाडीतला पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

जुन्या जीप, पिकअप, फोर-व्हील ड्राइव्ह व्हॅन बाळगणाऱ्यांची ही तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत ऐकू येते. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, अर्धा-पाऊण तास झकास चालते आणि मग बंद पडते. बॉनेट उघडून पंधरा मिनिटं थांबलं की काहीच झालं नव्हतं अशी पुन्हा चालू. घरी आणून गॅरेजमध्ये लावावी, दुसऱ्या दिवशी निवांत तपासावी, तर सगळं ठीक. मग अंदाजाने एखादा पार्ट बदलला जातो, चार फेऱ्या नीट होतात, आणि पाचव्या फेरीला पुन्हा रस्त्याच्या कडेला.

माझ्याकडे साठच्या दशकातली चार सिलिंडरची पेट्रोल पिकअप आहे. तिच्यावर मी या एका दुखण्यापायी दोन वर्षं घालवली. फ्युएल पंप बदलला, कार्बोरेटर दोनदा उघडला, पेट्रोलच्या नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, प्लग आणि त्यांच्या वायरी नव्या घातल्या. प्रत्येक बदलानंतर गाडी काही दिवस बरी वागली, त्यामुळे प्रत्येक वेळी वाटलं की सापडलं. शेवटी कळलं ते असं की बिघाड एक नव्हताच. दोन होते, एक करंटचा आणि एक पेट्रोलचा, आणि दोघांचं लक्षण वरवर सारखं होतं. ते वेगळे करता आले ते केवळ एका सवयीमुळे: गाडी बंद पडली त्याच मिनिटाला, बिघाड हजर असतानाच तपासणी करायची. थंड झालेल्या गाडीवर केलेली तपासणी या तक्रारीत कामाची नाही, कारण तुम्ही एका निरोगी गाडीला तपासत असता.

गाडीला गॅरेजच्या दारात बंद पडू द्या

रस्त्यावर बंद पडण्याची वाट पाहू नका. गॅरेजच्या दारात, शक्यतो मागचं अर्धं अंग बाहेर ठेवून, गाडी उभी करा आणि इंजिन चालू राहू द्या. उभ्या गाडीला वाऱ्याचा झोत मिळत नाही, त्यामुळे बॉनेटखालची हवा रस्त्यावरच्यापेक्षा लवकर तापते. रेडिएटरच्या तापमानावर नजर ठेवा, अधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा वर धरा. माझी पिकअप अशी उभ्या-उभ्या साधारण चाळीस मिनिटांत बंद पडायची, आणि तेव्हा टेस्ट लॅम्प, मीटर, पाने सगळं हाताशी असायचं.

पण दार उघडं आणि धूर बाहेर जातोय हे बघितल्याशिवाय हे करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे तो भरपूर निघतो. घराला जोडलेलं गॅरेज असेल तर आतलं दार बंद ठेवा, गाडी मागून आत घेतलेली असेल तर उलटी लावा, म्हणजे सायलेन्सरचं तोंड बाहेर राहील. डोकं दुखायला लागलं तर काम तिथेच थांबवून मोकळ्या हवेत जा. आणि अग्निशामक दाराजवळ टांगा, गॅरेजच्या मागच्या भिंतीवर नको. आग लागली तर ती ओलांडून त्याच्यापर्यंत जावं लागता कामा नये.

कशी बंद पडली, हे ऐका

बंद पडताना गाडी जे सांगते ते नंतर कुठलंही मीटर सांगत नाही. किल्ली फिरवल्यासारखी एका क्षणात गप्प झाली तर संशय करंटवर. धक्के खात, पिकअप सोडत, दम लागल्यासारखी हळूहळू मेली तर संशय पेट्रोलवर, कारण कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं आणि ते संपेपर्यंत इंजिन धडपडत राहतं. सायलेन्सरमधून फटाके वाजले तर पुन्हा करंटच बघा: ठिणगी चुकलेल्या वेळचं न जळलेलं पेट्रोल मागे जाऊन पेटत असतं.

याच क्षणी एक छोटी परीक्षा करता येते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारात तिच्याइतकी फुकटची आणि कामाची दुसरी नाही. इंजिन मरायला लागलं की चोक अर्धा ओढा. क्षणभर जरी ते सावरलं तरी समजा की पेट्रोल कमी पोचतंय. चोकने मिश्रण घट्ट केलं म्हणून त्याला श्वास मिळाला. चोक ओढून काहीच फरक पडला नाही, किंवा अजूनच घुसमटलं, तर पेट्रोलच्या मागे लागू नका.

बंद पडल्यावर सेल्फ मारत बसू नका. इग्निशन चालू ठेवूनही उभे राहू नका. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेल्या अवस्थेत थांबले असतील तर कॉइलमधून (ठिणगीसाठी मोठा दाब तयार करणारी गुंडाळी) सतत करंट वाहतो आणि आधीच तापलेली कॉइल आणखी तापते.

आधी करंट, मग पेट्रोल

हा क्रम सोयीसाठी नाही, सुरक्षेसाठी आहे. पेट्रोलची नळी एकदा सोडली की जवळपास ठिणगी पाडायची नाही, म्हणून ठिणगीची तपासणी आधी, सगळे जोड घट्ट आणि कोरडे असताना.

एक जुना पण चांगला प्लग घ्या, त्याच्या लोखंडी अंगाला जाड वायर आणि क्लिप लावून कायमचा टूलबॉक्समध्ये ठेवा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) मधल्या भोकातून कॉइलची जाड वायर काढून या प्लगला लावा, क्लिप इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर पकडा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, टक-टक आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, कधी पडणारी कधी न पडणारी ठिणगी म्हणजे नसल्यासारखीच; मोकळ्या हवेत ती पडते, सिलिंडरमधल्या दाबाखाली पडत नाही.

इथे ठिणगी जोरदार, पण प्लगच्या वायरीला काहीच नाही, तर दोष डिस्ट्रिब्युटरच्या कॅपचा (झाकणाचा) किंवा तिच्याखाली फिरणाऱ्या रोटरचा. रोटरबद्दल थोडं जास्त सांगतो. नव्याने बनवलेल्या काही रोटरांत पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते, आणि रिव्हेटचं टोक आतल्या शाफ्टच्या फार जवळ येतं. थंड असताना मधलं प्लास्टिक टिकतं. तापलं की ठिणगी तिथूनच शाफ्टला उडी मारते. बाहेरून रोटर नवाकोरा दिसतो. आतल्या भोकात टॉर्च मारून बघा, केसासारखी काळी रेघ दिसली तर तोच गुन्हेगार.

कॉइलमधूनच ठिणगी येत नसेल तर टेस्ट लॅम्प काढा. निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं निगेटिव्ह टोक अंगाला जोडलेल्या) गाडीत कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर इग्निशन स्विच, फ्यूज, मधले जोड. लागला, तर दिव्याचं टोक कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या बाजूला लावा आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडले की लागतो, मिटले की विझतो. सतत जळत राहिला तर पॉइंटमधून अर्थ मिळत नाही. अजिबात लागला नाही तर डिस्ट्रिब्युटरच्या आत काहीतरी अंगाला लागतंय, नाहीतर कॉइलची आतली तार तुटली आहे. पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या जुन्या गाड्यांत टोकांची नावं उलटतील, तर्क तोच राहतो.

सतत जळणाऱ्या दिव्याने मला एकदा फार शिकवलं. डिस्ट्रिब्युटरच्या आत, पॉइंट ज्या तबकडीवर बसतात तिला अंगाशी जोडणारी एक बारीक विणलेली वायर असते. व्हॅक्यूम ॲडव्हान्स असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ती तबकडी दिवसभर थोडी पुढे-मागे हलते आणि वायर दर वेळी वाकते. वर्षानुवर्षांनी आतले तंतू एकेक करून तुटतात. वरचं कापडी आवरण मात्र शाबूत! चिमट्याने धरून हलकेच ओढली की ती रबरासारखी लांबते. आत धातू उरलेलाच नसतो. नजरेने तपासणाऱ्याला ही वायर कधीच सापडत नाही, ओढून बघणाऱ्याला लगेच सापडते.

कंडेन्सर: माझा पहिला बिघाड

माझ्या पिकअपच्या बाबतीत दिवा नीट लुकलुकत होता, आणि ठिणगी मात्र मरतुकडी. हे चित्र दिसलं की कंडेन्सर. पॉइंट उघडताना करंटला उडी मारण्याऐवजी दुसरी जागा मिळावी, म्हणजे कॉइलमधलं चुंबकत्व एकदम कोसळेल आणि मोठा दाब तयार होईल, हे त्याचं काम. त्याची आतली जोडणी उष्णतेने सुटली की पॉइंटवर ठिणग्या उडतात आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. थंड झाल्यावर धातू आकसतो, जोडणी पुन्हा टेकते, आणि गाडी सुरू.

गॅरेजचा दिवा मालवला, कॅप काढली आणि सेल्फ मारताना पॉइंटकडे बघितलं. एरवी तिथे बारीकशी, जेमतेम दिसणारी ठिणगी असते. मला दिसली ती पांढरी-निळी, चटचट आवाज करणारी, तबकडी उजळून टाकणारी. पॉइंट काढून पाहिले तर एका टोकावर छोटा उंचवटा आणि समोरच्यावर तितकाच खड्डा, धार राखाडी जळालेली. मग कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला दुसरा कंडेन्सर नुसता क्लिपने जोडला आणि त्याचं अंग ब्लॉकवर टेकवलं. इंजिन तिथल्या तिथे, गरम असतानाच सुरू झालं. हा पुरावा. पार्ट बदलून दोन दिवस वाट पाहण्याला मी आता पुरावा मानत नाही.

काढलेला कंडेन्सर जुना नव्हता, आठ महिन्यांपूर्वीच घातलेला होता. नव्या प्रतिकृती पार्टांत हा अनुभव बऱ्याच जणांना येतो, त्यामुळे "तो तर नवाच आहे" म्हणून कुठलाही पार्ट संशयातून सोडू नका. शक्य असेल तर चांगल्या कंडेन्सरची वायर वाढवून तो डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर, कॉइलच्या कंसाला बसवा. इंजिनाच्या उष्णतेपासून लांब राहतो आणि कामात काही फरक पडत नाही.

कॉइलबद्दल थोडक्यात. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलची प्राथमिक बाजू मीटरवर साधारण ३ ओहम दाखवते. बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉइलचा करंट मर्यादेत ठेवणारा रोध) वापरायची कॉइल साधारण १.५ ओहम. बॅलास्टवाली कॉइल चुकून थेट १२ व्होल्टवर जोडली गेली तर दुप्पट करंट घेते, तापते, आणि पॉइंटही जाळते. आधीच्या मालकाने काय बसवलंय ते मीटर लावून एकदा बघाच. मोजमाप गरम असतानाही घ्या.

पेट्रोलची बाजू आणि माझा दुसरा बिघाड

कंडेन्सर बदलल्यावर दोन महिने सुखाचे गेले आणि गाडी पुन्हा बंद पडली. पण या वेळी धक्के खात, आणि चोक ओढल्यावर दोन-तीन सेकंद सावरून. ठिणगी जाड, निळी. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात बघत ॲक्सिलरेटर दाबला. ॲक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची धार दिसायला हवी. थेंब नाही. (तुमच्या कार्बोरेटरला हा पंप नसेल तर फ्लोटच्या वाटीतच बघावं लागेल.)

पेट्रोल पोचत नाही म्हटल्यावर सगळे पहिलं नाव घेतात व्हेपर लॉकचं, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडण्याचं. तो होतो, नक्की होतो. आजच्या पेट्रोलचे हलके घटक साधारण ३५ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळायला लागतात, आणि १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळल्याने वाफ होण्याची ओढ आणखी वाढते. शिवाय इंजिनावर बसलेला जुना पंप टाकीतून पेट्रोल खेचतो; खेचण्याच्या बाजूला दाब कमी, आणि कमी दाबाखाली द्रव आणखी लवकर उकळतो. पण व्हेपर लॉकची स्वतःची वेळ असते. तो संथ चालीत येतो, चढावर पहिल्या गिअरमध्ये येतो, गरम गाडी दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यावर येतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात, वारा लागत असताना बंद पडणाऱ्या गाडीत मी त्याला शेवटी धरतो. खात्री करायची तर पंपावर ओलं फडकं ठेवा. मिनिटभरात पेट्रोल यायला लागलं तर वाफच होती. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा पंपाच्या काचेच्या वाटीवर गार पाणी मात्र ओतू नका, तडा जाईल. व्हेपर लॉक ठरलाच तर आधी मूळ गोष्टी जागेवर आहेत का बघा: मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरमधला जाड इन्सुलेटर, पत्र्याचा हीट शील्ड, नळीची मूळ वाट. दुरुस्तीत कुणीतरी नळी एक्झॉस्टला चिकटवून नेलेली असते, आणि शील्ड "खडखडतं" म्हणून काढून टाकलेलं असतं.

माझ्याकडे फडक्याने काही झालं नाही. मग टाकीचं झाकण उघडलं. हवा आत ओढल्याचा मोठा "फुस्स" आवाज आला असता तर झाकणाचं भोक बुजलंय असं ठरलं असतं: पेट्रोल बाहेर जातं, हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पंप हरतो. आवाज आला नाही. पंपाकडे येणारी नळी सोडून तोंडाने हलकेच टाकीकडे फुंकर मारली, पेट्रोल ओठांना लागू न देता. आधी अडलं, मग एकदम मोकळं झालं आणि टाकीत बुडबुडे वाजले.

ती मोकळी होण्याची जाणीव मी विसरणार नाही. काहीतरी नळीच्या तोंडावर बसलेलं होतं आणि फुंकरीने उडालं. टाकी उतरवली, रिकामी केली, आत वाकडा आरसा घालून बघितलं. तळाशी पिवळट, पातळ पोपडे पडलेले होते, जुन्या भिंतीच्या रंगाचे निघतात तसे, त्यातला सर्वांत मोठा अंगठ्याच्या नखाएवढा. कधीकाळी कुणीतरी गंज रोखायला टाकीला आतून लेप दिला होता, आणि तो सुटत चालला होता. जुने काही लेप इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये मऊ पडून सुटतात. पंप चालू असेपर्यंत पोपडा नळीच्या तोंडाकडे ओढला जाई, हळूहळू तोंड झाके. इंजिन बंद झालं की ओढ संपे, तो तरंगत बाजूला जाई, आणि पंधरा मिनिटांत गाडी पुन्हा चालू. उष्णतेचा इथे काही संबंधच नव्हता. मी "थंड झाली की चालू होते" म्हणत होतो, खरं तर ती "थांबली की चालू होत" होती. तुमच्या गाडीत या दोन वाक्यांतला फरक तपासून बघा. बंद पडल्यावर दोनच मिनिटांत, इंजिन तितकंच गरम असताना सुरू झाली, तर उष्णता सोडून द्या आणि टाकीकडे जा.

खेचण्याच्या बाजूची आणखी एक खोड: रबरी नळीला बारीक भेग असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. त्यामुळे कोरडी दिसणारी नळीही दोषी असू शकते. मी लेप सोलून टाकी धुतली आणि त्याच वेळी इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या सगळीकडे घातल्या. कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडून पंप तपासला, इंजिन चालण्याच्या वेगाला मिनिटभरात अर्धा लिटरच्या आसपास पडलं. तेवढं पुरेसं आहे.

गाडी बदलली की जागा बदलतात

क्रम हाच ठेवा, पण आपल्या गाडीची रचना लक्षात घ्या. सित्रोएन एच व्हॅनचं इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मध्ये झाकणाखाली असतं. तिथे उष्णता कोंडते आणि पेट्रोलचा वासही आधी तुम्हालाच येतो, तो दुर्लक्षू नका. स्टायर-पूख हाफलिंगरचं ६४३ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारं. हवा वळवणारे पत्रे पूर्ण नसतील तर बाकीची तपासणी व्यर्थ आहे. युनिमॉग ४०४ च्या लष्करी गाड्यांत २४ व्होल्ट आणि धातूच्या वेष्टणातलं इग्निशन असतं, साधा प्लग लावून ठिणगी बघता येत नाही, त्यासाठी जोडवायर आधीच तयार करून ठेवावी लागते. विलीज एमबी ६ व्होल्टची. तेवढ्याच कामाला दुप्पट करंट, म्हणून गंजलेला एक जोड १२ व्होल्टच्या गाडीत चालून जाईल, हिच्यात गाडी बंद पाडेल. तिथे सुरुवात इंजिन ते चासी या अर्थच्या पट्टीपासून करा. सेल्फ मारताना मीटरची एक टोकणी बॅटरीच्या अर्थ टोकावर आणि दुसरी ब्लॉकवर ठेवली तर ०.२ व्होल्टपेक्षा फार जास्त दिसता कामा नये.

गॅरेजमध्ये उभी असताना

लेप दिला गेला गंजामुळे, आणि गंज आला उभ्या राहण्यामुळे. अर्धी रिकामी लोखंडी टाकी थंड गॅरेजमध्ये महिनोन्‌महिने राहिली की रात्री वरच्या कोरड्या पत्र्यावर दव धरतं. इथेनॉल ते पाणी ओढून घेतं, आणि फार झालं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, नेमका नळीच्या तोंडाशी. थोड्या आठवड्यांसाठी ठेवताना टाकी भरून ठेवा. वर्षभर ठेवायची असेल तर पूर्ण रिकामी करून वाळवलेली बरी, कारण जुनं झालेलं पेट्रोल स्वतःच जेटमध्ये चिकट थर धरतं. टाकी रिकामी करण्याचं काम मात्र उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते, आणि गॅरेजच्या कोपऱ्यातल्या गॅस गीझरची ज्योत किंवा फ्रीजचा स्विच तिला पुरतो.

तपासणीत उपयोगी पडलेला दुसरा कंडेन्सर मी आता वायर आणि दोन क्लिपा लावून, चालतो अशी खात्री केलेला, त्या जुन्या प्लगसोबत एका डबीत ठेवतो. डबी गाडीतच असते. टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर बसवला आहे. दर पंधरवड्याला तो बघतो. सुरुवातीचे तीन महिने त्यात पिवळट चुरा येत होता, गेले पाच महिने नाही.